निळीला मागं ठेवायचं नाही

"थांब हां, हलू नको. आलोच मी," असं टीव्हीतल्या बाहुलीला सांगून ते हातातला रिमोट मांडीवर ठेवायचे आणि दुसरा उचलायचे. त्या दुसऱ्यानं तिला चार पावलं पुढं आणायचं, की परत पहिला हातात. सत्तरी ओलांडलेला माणूस, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि दोघांनी खेळायचा गेम एकटाच खेळतोय! तुम्ही पाहिलं असतं तर हसला असता. मीही आधी हसलेच.

आमच्या समोरच्या दारात राहायचे. मी त्यांना अण्णा म्हणायची. वयानं मोठे असून ते मला अक्का म्हणायचे. घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. सगळा जन्म चादरीच्या कारखान्यात गेला. एकटे दोन माग सांभाळायचे. इकडचा धागा तुटला की इकडं, तिकडचा तुटला की तिकडं. दोन रिमोटांचं त्यांना काय कौतुक!

एकुलती एक मुलगी दहावीच्या सुट्टीत काविळीनं गेली. पुढं बायकोही गेली. हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं आणि त्यांच्यासमोर कुणी काढत नव्हतं.

गेमचा डबा माझ्या मुलाचा. तो पुण्याला नोकरीला आणि डबा माझ्या टीव्हीखाली धूळ खात. वर त्याची दर महिन्याची वर्गणी. म्हणे वर्गणी भरली की ढीगभर गेम घरबसल्या, त्यात जुन्या गेमांचा वेगळा कप्पा. मी आयुष्यभर शाळेत पोरांवर ओरडलेली बाई, मला असल्या थेरांचा मनस्वी राग.

दिवाळीला मुलगा आला आणि त्यानं त्या कप्प्यातला एक जुना गेम लावला. टिंवटिंव असं गाणं सुरू झालं. तेवढ्यात दारात अण्णा! हात उष्टा, बोटांना भात तसाच.

"हे गाणं कुटनं येतंय?"

"आमच्या टीव्हीतनं. आवाज कमी करायला सांगू का?"

"नको नको. हा आमचा गेम हाय की, अक्का."

पोरीसाठी त्यांनी कधीतरी गड्ड्याच्या जत्रेतून टीव्हीला जोडायचा गेम आणला होता, त्यात ही कॅसेट होती. लाल शिपाई बापाचा, निळा पोरीचा. ती त्याला निळी म्हणायची. दोघं मिळून पूल, नद्या, किल्ले ओलांडत जायचे. लाल फार पुढं पळाला तर निळी पडद्याच्या कडेला अडकून मरायची, म्हणून बापानं थांबायचं. शेवटचा किल्ला तेवढा त्यांना कधी जमला नाही. "पप्पा, एकदा शेवट बघायचा," म्हणायची. तो राहिला तो राहिलाच.

मुलगा म्हणाला, "अण्णा, एकट्यानं पण खेळता येतं."

"आणि ती कुटं जाईल?"

मुलानं दुसरा रिमोटही काढून जोडला. मग अण्णा हात धुऊन आले आणि बसले.

थोड्या वेळानं निळी नदीत पडली. अण्णांनी तोंडावर हात धरला. मुलानं पटकन एक बटण दाबलं. या नव्या डब्यात जुना गेम मागं नेता येतो. निळी पाण्यातून उलटी वर आली आणि काठावर उभी राहिली. अण्णा बघतच राहिले.

"परत आली?"

"हो अण्णा. मेली की हे दाबायचं."

"किती मागं जातं?"

"थोडंच. काही सेकंद."

"एवढंच व्हय," म्हणाले, आणि खेळायला लागले. मी आत जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिले.

मुलगा पुण्याला गेला, पण अण्णा रोज दुपारी यायला लागले. मी शेंगा सोलत बसायची, ते किल्ले घ्यायचे. निळी पडली की मागं घ्यायचे, आणि प्रत्येक वेळी तिची माफी मागायचे. "चुकलं गं, माझं लक्ष न्हवतं."

एक दिवस गेमच्या चित्रावर पाटी आली: लवकरच जाणार. मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, कंपनीचा करार संपला, महिनाअखेरीला काढतील.

"काढतील म्हणजे? वर्गणी भरतोस ना मेल्या!"

"आई, ते भाडं आहे. गेम आपला नसतो."

दुपारी अण्णा आले तेव्हा त्यांना सांगितलं. "म्हंजे तिला परत न्यायला आले," म्हणाले. मग रिमोट उचलून, "त्याआधी शेवट दाखवतो तिला."

शेवटच्या दिवशी ते जेवण झाल्या झाल्या आले. चहा नको, पाणी नको. शेवटच्या किल्ल्यात तोफांचा नुसता मारा. त्यांनी निळीला भिंतीआड उभं केलं आणि लालला एकट्याला पुढं काढलं. एक एक तोफ बंद पडत गेली. शेवटची फुटली आणि त्याच क्षणी लाल कोसळला.

"अहो अण्णा, तुमचा पडला की! मागं घ्या, मागं घ्या!" मी ओरडले.

"राहू दे, अक्का." त्यांनी तो रिमोट खाली ठेवला. "बाप आधी गेला. हेच बरोबर हाय."

मग दोन्ही हातांनी निळीचा रिमोट धरून त्यांनी तिला भिंतीआडून बाहेर काढलं. वाटेत आता कुणीच नव्हतं. दार उघडलं. "पोयि रा, बंगारू," ते म्हणाले. जाऊन ये, सोन्या. निळी आत गेली, दार लागलं, आणि अण्णा लहान पोरासारखे मोठमोठ्यानं रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मलाही आवरेना.

संक्रांतीनंतर अण्णा गेले. झोपेतच.

परवा मुलाचा फोन आला, अगदी हरखून. "आई, अण्णांचा गेम परत आलाय!" मी फोन तसाच हातात धरून तरातरा जाऊन दार उघडलं, आणि "अहो अण्णा" अशी हाक तोंडातून गेलीसुद्धा. समोर कुलूप होतं.