दोन गोल आणि दोन बाण

नातीनं अभ्यासाच्या वहीत दोन गोल काढले आणि एकातून दुसऱ्याकडे असे उलटसुलट दोन बाण.

"आजोबा, हा डेटाबेस, संगणकातली नोंदवही. हे दोन गोल म्हणजे त्यात काम करणारे दोघं. ह्यानं एक नोंद धरलीय, त्यानं दुसरी. दोघांनाही समोरच्याची हवी, पण हातातली कुणीच सोडत नाही. मग दोघंही अडकून बसतात."

अगं, हे तर आम्ही भाऊ! फवारणीचा पंप माझ्याकडे, पाइप धाकट्या दगडूकडे. 'आधी तू दे' म्हणता म्हणता दोघांची डाळिंबं डागाळून चालली. माझी बायको जिवंत होती तोवर मला न विचारता पंप बांधापलीकडे ठेवून यायची. आता ती नाही.

"मग संगणक चूक कुणाची ते बघतो?" मी विचारलं.

"छे! ज्याचं काम कमी झालंय त्याला सोडायला लावतो. दुसऱ्याचं झालं की ह्यानं पुन्हा पहिल्यापासून करायचं."

चूक विचारतच नाही! मी चौथी शिकलेला, पण एवढं कळलं. आम्ही दोन गाढवं महिनाभर 'चूक कुणाची' तेवढंच उगाळत होतो. पंप उचलला आणि निघालो.

"दादा, वाट चुकलास काय?" दगडूनं टोमणा मारला.

"बडबडू नको, पाइप जोड. आधी तुझी बाग."

त्यानं पाइप जोडला. मग खाली मान घालूनच विचारलं, "जेवलास का?"