हिंगाच्या डब्यातलं रेशीम

नवऱ्याचा चेहरा नीट ओळखीचा होण्याआधी त्याच्या पायाचा अंगठा मला पाठ झाला होता. हसू नका, आमचा धंदाच तसा. आम्ही पटवेकरी. लोकांचे दागिने रेशमात ओवून द्यायचे, गोंडे बांधायचे. रेशमाला पीळ घालताना दोऱ्याचं एक टोक कुणाच्या तरी पायाच्या अंगठ्यात अडकवतात आणि दुसरं टोक धरून समोरचा माणूस चाती, म्हणजे पीळ घालायची फिरकी, फिरवतो. ठाण्याचं माहेर सोडून मी कल्याणला सासरी आले आणि आल्या आल्या चाती माझ्या हातात आली. अंगठा आमच्या यांचा.

वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं बोलायची तेव्हा प्राज्ञा नव्हती. दिवसाउजेडी एकमेकांसमोर बसायला मिळायचं ते या कामापुरतंच. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पलीकडे गोंडे करत बसलेले, सासूबाई चुलीपाशी, आणि हे असे गरीब गाईसारखे मान खाली घालून बसायचे की कुणालाही वाटावं, पोरगा मनात रामनाम घेतोय. तेवढ्यात अंगठा हळूच हलायचा. दोरा थरथरत माझ्या बोटांपर्यंत यायचा. मी ओठ चावायची, छताकडे बघायची, पण दाबलेलं हसू कुठून तरी वाट काढतंच. मग ठसका लागल्याचं सोंग करायचं. "सूनबाईला फार ठसका लागतो, आलं द्या तिला," असं मामंजी आत ओरडून सांगायचे. त्या वर्षी मी जेवढं आलं चघळलं तेवढं कुणा बाळंतिणीनंही खाल्लं नसेल.

आणि अशात एके दिवशी मामंजींनी सांगून टाकलं की दसरा झाला की यांनी मुंबईला जायचं. भुलेश्वरला चुलतसासऱ्यांचं दुकान होतं, तिथं हात कमी पडत होते. इथं कल्याणात दोघा पुरुषांना पुरेल एवढं काम नव्हतं, ते खरंच होतं. मी मात्र इथंच राहायचं, बिऱ्हाडाचं पुढं बघू. मला कोण विचारणार? तुळशीला पाणी घालता घालता मी एवढी रडले की त्या दिवशी तुळशीला वेगळं पाणी घालायची गरज नव्हती.

त्याच सुमारास तो साहेब आला. आगगाडीच्या पुलांवर देखरेख करणारा इंजिनियर, आणि नाद म्हणाल तर मासे धरायचा. पण आपल्या कोळ्यांसारखं जाळं टाकून नव्हे. गळाला पिसं लावायची, वरून रेशीम गुंडाळायचं, त्याची हुबेहूब माशी करायची आणि ती पाण्यावर नाचवायची. मासा भुलतो म्हणे. मामंजींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

साहेबानं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आमच्यासमोर पालथा केला. आतून रेशमाची रिळं पडली, एकेक रंग दुसऱ्याच्या गळ्यात गळा घालून बसलेला. मोडक्यातोडक्या मराठीत त्यानं आपलं दुःख सांगितलं. नदीवर बसून माशी बांधायला घ्यावी तर हवा तो रंग सापडत नाही, सापडला तर सुटत नाही, आणि तोवर मासा आपल्या घरी जातो. त्याला प्रत्येक रंग वेगळा हवा होता, दोरा आपोआप उलगडायला नको होता, आणि सगळं एका हातात मावेल अशा डब्यात बसायला हवं होतं. मनासारखं झालं तर त्याचं आणि त्याच्या ठाण्याच्या मित्रांचं सगळं रेशीम कायमचं आमच्याकडे.

हे पाणी प्यायच्या निमित्तानं आत आले आणि माझ्याकडे बघून त्यांनी नुसती भुवई उडवली. मला सगळं कळलं. हे काम जमलं तर भुलेश्वर टळलं.

गुंता सोडवायला दोन माणसं लागतात, हे कुणीतरी फार पुण्यवान माणसानं ठरवलं असावं. आम्ही समोरासमोर बसून रंग वेगळे करत होतो आणि अंगठ्याला तर ऊतच आला होता. साहेबाची रिळं जाडजूड, लहान डब्यात मावेनात. म्हणून यांनी बोरूचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापले आणि प्रत्येकाच्या टोकाला चीर दिली. मी दोरा मेणातून ओढून बोरूवर गुंडाळायचा आणि टोक चिरेत अडकवायचं. मग कितीही हलवा, उलगडायची बिशाद नाही. लावायचा क्रम आमचाच, दुसरा आम्हाला येतोय कुठला? मंगळसूत्राचा काळा आधी, मग ठुशीचा तांबडा, तन्मणीचा पांढरा. साहेबाच्या माश्यांना आम्ही नवरीसारखं नटवायला घेतलं होतं.

अडलं ते डब्यापाशी. खणांचा, सरकत्या झाकणाचा लहानसा डबा आणायचा कुठून? तसा डबा घरात एकच होता, सासूबाईंचा माहेरून आलेला शिसवी मिसळणाचा डबा. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण सकाळी उठून बघते तो हळद, मोहरी, मेथ्या सगळं करवंट्यांमध्ये काढलेलं, आणि सासूबाई डबा राखेनं घासून उन्हात ठेवतायत. "घे," म्हणाल्या, "बघत काय बसलीस." गुंडाळायचं काम मग आम्ही तो डबा समोर घेऊनच केलं.

साहेब डबा न्यायला आला, त्यानं झाकण सरकवलं आणि त्याचा चेहरा उजळला. एकेक बोरू उचलून त्यानं उजेडात धरला. मग त्याचं नाक हललं.

हिंग. राखेनं हळद गेली होती, पण हिंग कसला जातो? त्यातून मी मेणाचा गोळा ठेवला होता तो नेमका हिंगाच्या खणात. मेणानं वास पिऊन घेतला, आणि दोरा न् दोरा त्याच मेणातून गेलेला. आम्हा घरच्यांना तो वास येणार कुठून, आमची नाकं त्यातच वाढलेली. साहेबाला दणदणीत शिंक आली. त्यानं डोळे पुसले, डबा बगलेत मारला आणि टिटवाळ्याकडे काळू नदीवर निघून गेला.

"झालं," मामंजी म्हणाले. "साहेबाला फोडणी दिलीत. भुलेश्वरला निरोप धाडतो." मी यांच्या धोतरांच्या घड्या घातल्या, परत मोडल्या आणि परत घातल्या. हे ओसरीवर बसून राहिले, आणि अंगठासुद्धा हलला नाही.

रविवारी संध्याकाळी बाजारात गलका झाला. पुढं साहेब, गुडघ्यापर्यंत चिखल, टोपीचा पत्ता नाही, आणि मागं दोन माणसांच्या खांद्यावर बांबूला लटकवलेला खडस मासा. शेपूट जमिनीला लागत होती. निम्मं कल्याण मागून चाललेलं. साहेब थेट आमच्या ओट्यावर आला. "वास," म्हणाला, "हाच वास पाहिजे. सगळ्या दोऱ्याला." मित्रांच्या माश्यांकडे माशानं ढुंकून बघितलं नव्हतं, आमच्या दोऱ्याच्या माशीवर मात्र तुटून पडला होता. त्याला हिंग आवडला की त्याचे दिवस भरले होते, देव जाणे.

साहेब गेल्यावर मामंजी सुपारी कातरायला बसले. मग यांच्याकडे न बघताच म्हणाले, "मुंबईला कळवतो, येत नाही म्हणून. एवढ्या रेशमाला पीळ घालायचा तर घरात अंगठा हवा."

मी पळत स्वयंपाकघरात गेले. काय करू आणि काय नको असं झालं होतं मला. सासूबाई करवंटीतून मोहरी घेत होत्या. मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, माहेरचा डबा दिलात तुम्ही." त्यांनी मान वर केली नाही.

"तुझे सासरेही तसे दिसायला गरीबच होते," त्या म्हणाल्या. "मलाही फार ठसका लागायचा." आणि आल्याचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवून त्या फोडणीकडे वळल्या.