चौथा सिंह

आमच्या शनिवार पेठेतल्या गणपतींच्या कारखान्यात किस्से शाडूच्या धुळीसारखे साठतात. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी पुन्हा तेवढेच! माझं लग्न होऊन चारच महिने झालेत. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे सगळं माझ्यादेखत बोललं जातं.

हंगाम संपल्यावर एका शाळेनं प्रदर्शनासाठी देशोदेशींची राष्ट्रचिन्हं मागितली. ऑर्डर मी आणलेली. सासरे, म्हणजे बाबा, म्हणाले, "जमली तर पुढच्या ऑर्डरी तू बघ. नाही जमली, तर आपले गणपती बरे." मी नुसती मान हलवली. मनात म्हटलं, जमवणारच!

*

पहिला मेक्सिकोचा गरुड. निवडुंगावर बसलेला, चोचीत साप. मी त्यामागची दंतकथा सांगितली. असा गरुड दिसेल तिथं शहर वसवा, अशी देवाची आज्ञा. तो दिसला तळ्यातल्या बेटावर. लोकांनी तिथंच शहर वसवलं.

बाबांनी चष्म्यावरून बघितलं. "जागा एनए होती का?"

*

मग ऑस्ट्रेलियाचे कांगारू आणि एमू. "हे दोघं सहसा मागं चालत नाहीत, म्हणून निवडले म्हणतात," मी म्हटलं.

आमचे रंगारी विलासकाका मान वर न करता म्हणाले, "लक्ष्मी रोडवर आणा एकदा. येतील मागं!"

*

श्रीलंकेचा सिंह तलवार घेऊन उभा, शौर्याचं प्रतीक. पण काकांनी तीस वर्षं फक्त गणपतीचे डोळे आखलेले. सिंह असा प्रेमळ झाला की तलवारीनं आता केक कापेल!

"काका, जरा रागीट हवा."

"अहो सूनबाई, रागीट डोळा माझ्या हातून निघत नाही."

मी हळूच म्हटलं, "आपल्या दारात परत कोणीतरी कार लावून गेलंय."

काका ताडकन उठले, बाहेर बघून आले. मी ब्रश पुढं केला. अर्ध्या मिनिटात सिंह तयार!

*

शेवटी आपले सिंह. गणपतीची पाठ कोण बघतं, म्हणून आम्ही ती सपाटच सोडतो. त्या सवयीनं बाबांनी तीनच सिंह केले, मागं सपाट.

मी म्हटलं, "बाबा, मूळ स्तंभावर चार आहेत. बुद्धाच्या उपदेशाला सिंहनाद म्हणतात. तो चारही दिशांना जायचा, तर एक दिशा गाळून कसं चालेल?"

"नाण्यावर किती दिसतात?"

"तीन."

"सरकारचं तिनात भागतं, तुझं भागत नाही?"

दुपारी सगळे आडवे झाले की मी माती मळायची. चौथा सिंह दोनदा तडकला. तिसऱ्यांदा टिकला. काकांनी त्याचे डोळे न सांगता रागीट काढले. बाबा बघून न बघितल्यासारखे!

*

मुख्याध्यापिका बाई ऑर्डर बघायला आल्या. सिंह फळीवर, भिंतीला टेकून. समोरून तीनच. बाबांनी माझ्याकडे "सांगितलं होतं ना?" असं बघितलं.

"तो जरा टेबलावर घ्या," बाई म्हणाल्या आणि सरळ मागं गेल्या. वाकून बघितलं. "आहे की चौथा! मुलं पहिल्यांदा इथंच डोकावतात हो. पुढच्या वर्षीचंही तुम्हीच करा."

बाबांनी ऑर्डरची वही माझ्यासमोर सरकवली. मग बाईंकडे वळून ठणकावून म्हणाले,

"बाई, आमच्याकडे पाठ सपाट सोडायची पद्धतच नाही!"