आप्पांनी सोडलेली साखर

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, साखर सोडली ती येडशीच्या रामलिंगासमोर हात जोडून, अगदी रीतसर. पायाच्या बोटाची जखम काही केल्या भरत नव्हती आणि रक्तातली साखर आटोक्यात आली नाही तर बोट काढावं लागेल, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आप्पांनी देवाला शब्द दिला आणि नळदुर्गला घरी पोचताच गुळाचा चहा मागितला. सोडली होती ती साखर. गुळाबद्दल देवाशी काही बोलणं झालेलं नव्हतं.

जन्मभर गुळाची आडत चालवलेल्या माणसासमोर गुळाला नावं कोण ठेवणार? मी ठेवली. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि घरात माझं कुणी ऐकत नाही, याचा मला मनस्वी राग येतो. साखरेचा रेणू म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज, एकमेकांना धरून बसलेले. गुळात बहुतेक तेच, वर काही आधीच सुटे झालेले. हे मी आप्पांना कितीदा तरी सांगितलं. ते मान डोलवायचे आणि कपात खडा टाकायचे.

शेवटी एका रविवारी मी कॉलेजातलं निळं द्रावण आणि परीक्षानळ्या घरी आणल्या. सुटं ग्लुकोज असलं की तापवल्यावर हे द्रावण विटेसारखं लाल होतं. गुळाचं पाणी घातलं, लाल झालं. मी जग जिंकल्यासारखं बघितलं. आप्पा म्हणाले, आता साखरेचं करून दाखव.

इथंच माझी पंचाईत होती. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ज्या टोकांनी हा रंग बदलतात, साखरेत नेमकी तीच टोकं एकमेकांत अडकलेली असतात. जोडी फुटल्याशिवाय काही होत नाही. नळी निळीच राहिली.

"साखरंत साखर न्हाय," आप्पा शांतपणे म्हणाले. "उगंच सोडली म्या."

मी चिडून साखरेच्या पाण्यात लिंबू पिळलं, चांगलं उकळलं, सोडा टाकून आंबटपणा मारला आणि पुन्हा द्रावण घातलं. आता लाल झालं. पोटातही जोडी अशीच फुटते, म्हटलं. त्यावर लिंबू तू पिळलंस, साखरेचा काय दोष, असा निकाल देऊन ते बैठकीत गेले. नवरा पेपरामागे हसत होता. आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही.

पुढच्या रविवारी आप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी आले. एरवी सून आत असली की ते बाहेरूनच खाकरतात. आज खाकरले नाहीत. औषधाची धुतलेली बाटली उंबऱ्यावर ठेवली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "सकाळची लघवी हाय. बघ."

मी मागच्या दारी चूल पेटवून नळी तापवली. द्रावण हिरवं झालं, पिवळं झालं आणि मग गुळाच्या पाण्यापेक्षाही गडद लाल.

आप्पा चष्मा सारखा करून बघत राहिले. "ह्याच्यात तर कुणी गूळ टाकला न्हाय," म्हणाले. मग पायाकडे बघत, "बोट जातंय व्हय गं, बाई?"

हाच प्रश्न त्यांनी विचारावा म्हणून मी इतके दिवस धडपडत होते. आता मी नळी धुवायला घेतली, कारण मला रडू येत होतं.