नकाशात नसलेली खोली

परदेशात देशाची प्रतिष्ठा इमारतीवरून ठरते, असं आमच्या खात्यांच्या नव्या संयुक्त कार्यालयाचा नकाशा दाखवताना साहेब म्हणाले. मला मात्र जॅकरांडाच्या झाडाखालचं, भाड्याच्या घरातलं आमचं जुनं कार्यालय आठवत राहिलं. त्याच्या स्वयंपाकघरात टायपिस्ट सावंतबाई आल्याचा चहा करायच्या आणि एरवी एकमेकांना फक्त पत्रं धाडणारी खाती तिथे उभ्या उभ्या बोलून मोकळी व्हायची.

"साहेब, यात चहाची खोली कुठाय?" बाईंनी विचारलं.

"मंजूर यादीत तसं नाव नाही हो, बाई."

"मग दुसरं नाव द्या की!"

मी 'समन्वय कक्ष' असं लिहिलं. दिल्लीहून आठवड्यात मंजुरी आली. सोबत शेरा होता: समन्वय कक्षात खाद्यपेयांना मनाई राहील.