गॉर्स्कींचं तट्टू

"मस्टँग टू, १९७४, तपकिरी, पहिल्यापासून एकच मालक, विकणे आहे." बर्नडीन गॉर्स्कीने जाहिरात दिली ती एवढीच. फोन पुष्कळ आले, पण प्रत्येक जण असे काही विचारायचा की बाईला वाटे, आपलेच डोके ठिकाणावर नाही.

"रुंद आहे की अरुंद?"

"काय रुंद?"

"सस्पेन्शन हो, पुढचं. पॉवर स्टीअरिंगवालं आहे का साधं?"

"मी सस्पेन्शन नाही विकत. गाडी विकतेय. अख्खी."

"अख्खी गाडी?" पलीकडचा माणूस मोजायलाच लागला. "म्हणजे दारं, काचा, टप, सगळ्यासकट? अजून उरलीय एखादी?"

त्या माणसांचा दोष नाही. आमच्या वायनडॉट गावात, खरे तर नदीकाठच्या या सगळ्याच गावांत, जुन्या गाड्यांत हात काळे करणाऱ्यांसाठी 'मस्टँग टू' हे गाडीचे नाव उरलेलेच नाही. पहिली मस्टँग, नावाप्रमाणेच रानघोडा, म्हणजे सगळ्यांच्या गळ्यातला ताईत. त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात पेट्रोलच्या रांगा लागल्या आणि त्याच सुमाराला ही दुसरी आली. बुटकी, आखूड, कमी पिणारी. पहिल्या वर्षी तिच्यावर लोकांच्या उड्या पडल्या. मग पेट्रोल मिळू लागले आणि गरज सरो, वैद्य मरो! ज्यांनी तिच्यात बसून बायका पटवल्या तेच सांगू लागले, छे, ही कसली मस्टँग, हे तर तट्टू. फक्त तिच्या पुढच्या चाकांचे सस्पेन्शन धक्के असे गिळायचे आणि गाडी अशी सरळ ठेवायचे की हौशी मंडळी ते कापून काढायची आणि आजोबांच्या काळातल्या ट्रकांखाली बसवायची. बाकीची गाडी भंगारात. असे करता करता गाड्या संपल्या आणि नाव त्या सुट्या भागाला चिकटले.

बर्नडीनच्या नवऱ्याने, थॅड गॉर्स्कीने, मात्र आपली गाडी कापू दिली नाही. ही गाडी जिथे बनायची त्याच कारखान्यात तो होता, डिअरबॉर्नला. पोरगी डेनिस लहान असताना विचारायची, "पपा, तुम्ही कारखान्यात काय करता?" तर हा म्हणायचा, "घोड्याला पाय बसवतो." पोरगी हसायची. बर्नडीनही हसायची. पाळीवरून आलेला माणूस बूट काढतो, हात घासतो, जेवतो. कारखान्याचे घरी बोलायचे नाही अशी इथली रीतच आहे, आणि बायकाही विचारत नाहीत.

तो गेला फेब्रुवारीत. दारातले बर्फ ओढताना फावड्यावरच वाकला. बर्नडीन रडली नाही. दफनानंतरच्या जेवणात ती स्वतः ताट घेऊन फिरली, कोणाला सॉसेज हवे, कोणाला कोबीचे गोळे, ते बघत. बायका म्हणाल्या, धीराची आहे हो. धीर कसला? तिला काही वाटतच नव्हते. मार्च गेला, एप्रिल गेला, मे गेला. ती सकाळी दोन कप कॉफी करायची आणि एक ओतून द्यायची, आणि ओततानाही काही वाटायचे नाही. बैठकीच्या खोलीतल्या त्याच्या खुर्चीत बसून टीव्ही बघायची, तेव्हाही नाही. रात्री एकच विचार यायचा आणि त्याची मात्र तिला भीती वाटायची. एवढा जन्म त्याच्याबरोबर काढला, पण हा माणूस मला कधी आवडला तरी होता का?

म्हणून गाडी विकायची. निदान ती दारातून जाताना काहीतरी दुखेल, असा तिचा हिशेब होता.

त्या गाडीची तिला लाजच वाटत आली होती. दर जुलैत चर्चच्या आवारात मस्टँगवाल्यांचा मेळा भरतो. पासष्ट-सहासष्टच्या गाड्या पायऱ्यांसमोर, मग सालाप्रमाणे रांगा. मध्ये चार-पाच सालांची उडी मारून पुढच्या रांगा लागतात. ती गाळलेली साले, म्हणजे टूची, कुठे? चर्चच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला, कचऱ्याच्या डब्यांपाशी. थॅड दरवर्षी तिथे घडीची खुर्ची टाकून बसायचा. येणारा-जाणारा विचारायचा, "काय गॉर्स्की, तट्टूला चंदी घातली का?" थॅड म्हणायचा, "तुझ्या घोड्यापेक्षा कमी खातं."  बर्नडीन आत हॉलमध्ये बायकांबरोबर बटाट्याचे सॅलड वाढत असायची. बाहेर जाऊन त्याच्याशेजारी ती एकदाही बसली नाही.

मेळ्याचा म्होरक्या लाइल हॅचर याचा मेच्या शेवटी फोन आला.

"बर्नी, बातमी ऐक. यंदा टूला पन्नास वर्षं झाली. आता पोरं या गाड्यांमागं लागलीत, मासिकात बिसिकात येतंय, की बाबा, गाडी काही वाईट नव्हती. तर कमिटीनं ठरवलंय, यंदा टू पायऱ्यांसमोर. थॅडची पहिली."

"थॅड गेला, लाइल."

"माहितेय गं. म्हणून तर..."

"वरातीमागून घोडं," बर्नडीन म्हणाली आणि फोन ठेवला. लाइलचा तिला राग यायला हवा होता. तोही आला नाही.

जूनच्या एका शनिवारी जाहिरात वाचून रॉस्को टटल आला. जवळच्या टेलर गावचा माणूस, पण बोली अजून आजोबांच्या केंटकीची. साठीचा, ढेरी पुढे, आणि बसायला १९३९चा निळा ट्रक. गॅरेजात शिरला तो सरळ पाठीवर झोपून गाडीखाली गेला. बर्नडीनला त्याचे बूट तेवढे दिसत होते.

"अगं माझे आई!" आतून आवाज आला. "बाई, हे तर आत्ता कारखान्यातनं आल्यासारखं आहे! गंज नाही, काही नाही."

"तो दर हिवाळ्याआधी खाली तेल मारायचा."

"शहाणा माणूस." रॉस्को बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "हे बघा, मी खोटं बोलत नाही. आजकाल हे सस्पेन्शन नवं बनवून विकतात, दिसायला डिट्टो. पण मला अस्सल हवंय. दुसरा एक ट्रक करतोय मी. पुढचा भाग मी काढून घेणार, बाकीची जाईल भंगारात. पैसे तुम्ही म्हणाल ते."

"चालेल," बर्नडीन म्हणाली. दुखते का ते तिने आत चाचपून पाहिले. नाही.

"ट्रेलर आणतो उद्या, ओढून चढवू वर."

"ओढून नाही."

"आँ?"

"त्याची गाडी आजवर कोणी ओढून नेली नाही. ती आपल्या पायांनी बाहेर निघेल. बॅटरी उतरलीय. नवी आणा, चालू करा, मग न्या."

आपण असे का बोललो ते तिला कळले नाही. रॉस्कोने डोके खाजवले. "मग चला बसा, आत्ताच घेऊन येऊ. तुमच्या गाडीला कुठली लागते ते तुम्ही सांगा दुकानात. नाहीतर मी भलतीच आणायचो आणि तुम्ही मला गल्लीभर पळवायच्या."

त्या उंच ट्रकात ती कशीबशी चढली. आत सिगारेटचा आणि जुन्या गोणपाटाचा वास. युरेका रोडला लागल्यावर पुढे रेल्वेचे रूळ आले. या गावात कोणाला कुठेही जायचे असो, ते रूळ आडवे येतातच. बर्नडीनने सवयीने दाराची मूठ धरली आणि सवयीनेच खिडकीबाहेर तोंड वळवले.

कारण याच जागी थॅड म्हणायचा, "बघितलंस?"

दर वेळी, त्यांची गाडी रूळ ओलांडून गेली की. आणि ती दर वेळी बाहेर बघायची. आधी तिथे बेकरी होती. तिला वाटायचे, बेकरीतले काहीतरी दाखवतोय. मग चपलांचे दुकान आले, मग तेही बंद पडून नुसती रिकामी जागा राहिली, त्यात गवत. तरी हा आपला "बघितलंस?" ती म्हणायची, "काय बघू? गवत?" थॅड काही बोलायचा नाही. शेवटच्या वर्षांत तर तिने डेनिसला फोनवर सांगितलेही होते, तुझ्या बापाचे डोके आता काम देत नाही.

ट्रक रुळांवर चढला. एवढे जुने धूड, पण आत नुसते हलके धप्-धप् झाले आणि ते पार. तिने धरलेली मूठ साधी हललीही नाही.

"बघितलंत?" रॉस्को म्हणाला.

बर्नडीन वळली. रॉस्कोने दोन्ही हात स्टीअरिंगवरून उचलून वर धरले होते आणि तो लहान पोरासारखा हसत होता. ट्रक दोरी धरल्यासारखा सरळ चालला होता.

"हात सोडून! एकोणचाळीसचा ट्रक! हे टूचं सस्पेन्शन, बाई. भंगारातनं आणलं होतं, चौऱ्याहत्तरचंच, डिअरबॉर्नचं. ज्या कोणी हे पाय बसवले ना, देव त्याचं भलं करो."

ती स्टीअरिंगकडे बघत राहिली. थॅडचे हात तिला तिथे दिसेनात. दिसणार कसे? पन्नास वर्षे त्याने ते वर उचलून धरले होते आणि पन्नास वर्षे ती गवत बघत होती.

"घोड्याला पाय," ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"माझा नवरा बसवायचा ते. पाय." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, सपाट. छातीत मात्र एक बारीक कळ आली होती आणि ती जात नव्हती. "टटल, गाडी मी देत नाही तुम्हाला. रागावू नका."

रॉस्कोने तिच्याकडे पाहिले, मग रस्त्याकडे. "नुसतं सस्पेन्शन पण नाही?"

"नाही. जुलैत तिला पायऱ्यांसमोर उभं राहायचंय. मला तिच्याशेजारी खुर्ची टाकायचीय."

"मग बॅटरी?"

"ती घ्यायचीच. पण आधी मागं वळवा. त्या रुळांवरनं पुन्हा एकदा न्या मला."

तो कुरकुरला नाही. औषधांच्या दुकानापाशी त्याने ट्रक वळवला आणि रुळांकडे आणला. यावेळी बर्नडीनने खिडकीबाहेर पाहिले नाही, मूठही धरली नाही. धप्-धप् झाले. स्टीअरिंगवरचे हात वर गेले.

"बघितलं," ती म्हणाली. "बघितलं रे."

रॉस्कोला वाटले, ती त्यालाच म्हणते आहे. तो खूश होऊन म्हणाला, "मग? मी काय सांगत होतो!"