तीन मिनिटांचा शेजारी

कॉलेजच्या राउटरची सेटिंग बघायला तिरुवैयारुहून मोपेडवर येणारे ते गृहस्थ प्रत्येक ओळ आधी पुटपुटत, मग टाइप करत. पलीकडच्या राउटरला ते शेजारी म्हणत. "वहिनी, शेजारी तीन मिनिटं बोलला नाही, की आपला राउटर त्याला मेला समजतो. त्याच्याकडच्या वाटा पुसून टाकतो."

माझे यजमान गेले, तेव्हा कॉलेजातल्या त्यांच्या खोलीतल्या राउटरची विजेची वायर मीच काढली, खोलीला कुलूप लावलं. महिन्यानं त्या राउटरचं नाव शेजाऱ्यांच्या यादीतून काढायला ते मोपेडवाले गृहस्थ आले. बोटं थांबली.

"वहिनी, हा बोलतोय की अजून."

किल्ली माझ्या पिशवीत होती. पडद्यावरचा त्याच्याकडून आलेल्या निरोपांचा आकडा दर मिनिटाला एकानं वाढत होता.

"पुसू?"

"आज नको."

त्यांनी मान हलवली. निघताना "येतो" म्हणाले, बंद दाराकडे बघून.